एर्विनची नको असलेली बढती

ऑस्ट्रेलियातल्या विमेरा भागात, केव्ह हॅलोरनच्या कारखान्यात गहू साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनतात. मी तिथे ऑफिस सांभाळते. एर्विन दुमालागन वेल्डर. तो फिलिपिन्सहून, इलोइलोहून आला, कारण केव्हने सरकारला लिहून दिलं की असा माणूस इथे मिळत नाही. ते खरंच होतं. विमेरातली पोरं खाणींवर जातात, नाहीतर मेलबर्नला.

नियम साधा होता. केव्हकडे दोन वर्षं वेल्डिंग करायचं, मग केव्हने शिफारस करायची आणि सरकारने कायमचं राहू द्यायचं. तोवर बायकोला, मारिव्हिकला, आणायचं नाही हे एर्विनचं स्वतःचं कलम. आणून परत पाठवावं लागलं तर गावात काय तोंड दाखवणार?

शेवटचे काही महिने उरले होते. शुक्रवारी काम सुटल्यावर शेडमागे सॉसेज भाजतात, तिथे केव्हने बिअरचा कॅन उंचावला.

"आपल्या फोरमनच्या, डेसच्या, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. सोमवारपासून फोरमन एर्विन. पगार वाढेल, तेव्हा जरा हस."

टाळ्या पडल्या. एर्विन हसला. "थँक्यू, बॉस."

इथे याला होकार म्हणतात. एर्विनकडे याचा अर्थ एवढाच, की चारचौघांत मालकाचा पाणउतारा करत नाहीत. नकार मागाहून, कुणाच्या तरी मार्फत पोचवतात. तो कुणीतरी मी आहे हे मला सोमवारी कळलं, त्याने डबाभर शेवयांचं पान्सित टेबलावर ठेवलं तेव्हा.

"ताई, व्हिसावाल्या बाई म्हणतात, फोरमन झालो तर वेल्डर राहत नाही. दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून."

"मग सांग ना त्याला."

"कसं सांगू? ते इतके खूश होते."

मी सांगितलं. केव्हने चष्मा काढला. "म्हणजे काम चांगलं केलं म्हणून सरकार त्याला शिक्षा करणार?"

"ज्या कामाला आणलं तेच करायचं. त्याहून मोठं नाही."

"मग थँक्यू कशाला म्हणाला तो?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आता वाटलं," केव्ह म्हणाला, आणि आठवडाभर एर्विनशी बोलला नाही. त्या आठवड्यात एर्विन रोज ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून, माझ्याकडे न बघता, विचारायचा, "शिफारस करतील ना?" मी म्हणायचे, करेल. मला खात्री नव्हती.

केव्हने शिफारस करायचं कबूल केलं. फोरमनकी मात्र बहिणीच्या नवऱ्याला, शेनला दिली. शेन वेल्डिंग करतो ते टूथपेस्ट पिळल्यासारखं. पुढचे महिने एर्विन त्याचे हुकूम ऐकायचा, त्याने बिघडवलेले सांधे घासून पुन्हा जोडायचा, आणि पगार वेल्डरचाच घ्यायचा. मग दोन वर्षं भरली, शिफारशीसकट अर्ज गेला, आणि त्याच्या उत्तराची वाट वेगळी पाहावी लागली.

मंजुरी आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. एर्विन चहाच्या खोलीत टेबलावर डोकं टेकून झोपला होता. मी केव्हला सांगितलं.

"सुटलो. आता त्याला फोरमन करता येईल."

"फोरमन शेन आहे."

"बहीण दर रविवारी जेवायला येते," केव्ह म्हणाला.

मी एर्विनला उठवलं. त्याने पत्र दोनदा वाचलं, बाहेर जाऊन मारिव्हिकला फोन केला आणि परत येऊन हातमोजे चढवू लागला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढं थांबले, तर तुमच्याकडची थंडी संपल्यावरच येते."