झोपता येते का?

मेश्राम सर कुणालाच ‘पोहता येतं का’ असं विचारत नसत. नागपुरात आमच्या घराजवळच्या टँकवर ते पोहायला शिकवायचे. नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, “झोपता येते का?” बायका आधी दचकत, मग हसत. झोपणं म्हणजे पाण्यावर उताणं पडून राहणं. पाच मिनिटं तसं निवांत पडता आलं की सर पास करत. शिकवताना ते कुणाशी गप्पा मारत नसत. म्हणायचे, “बुडणारा ओरडत नाही. म्हणून मी डोळ्यानं ऐकतो.”

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मी आणि माझा नवरा अनिल दोन महिने त्यांच्याकडे जात होतो. तोंडात नळी धरून समुद्रातलं प्रवाळ पाहायचं, हे अनिलच्या डोक्यात बसलं होतं. तो हात झपाझप मारायचा, पण दमला की उथळ बाजूला पाय टेकून उभा. सर काठावरून ओरडत, “काहून उभा होऊन राहिला गा? दमला तं झोप!”

“सर, झोपायले घरी गादी आहे ना.”

“खाली गादी आहे म्हणून झोपतो तू. इथं खाली काहीच नाही समज, अन् मंग झोप.”

शेवटच्या दिवशीही तो अर्ध्या मिनिटात उभा राहिला. सर म्हणाले, “होडीतून पाह्य. पाण्यात उतरू नको. उतरलाच तं जॅकेट काढू नको.” सर उगाच घाबरवतात, असं घरी आल्यावर मीच म्हणाले.

अंदमानच्या समुद्रात उतरल्यावर जॅकेटमुळे नीट खाली वाकून पाहता येईना, म्हणून अनिलने ते काढून होडीत टाकलं. होडीवाल्याने विचारलं, “तैरना आता है?” अनिल घुटमळला. मी म्हणाले, “आता है.”

नळीत पाणी शिरलं असावं. त्याने डोकं वर काढलं आणि तो उभा राहायला गेला, टँकमध्ये राहायचा तसाच. हाक मारली नाही. मी जॅकेट घालून चार हातांवर होते आणि तो गंमत करतोय असं मला वाटत होतं. बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

बारा दिवसांनी सर घरी आले. येणारेजाणारे खूप बोलत, माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. सरांनी चहा संपवला आणि हळूच विचारलं, “ताई, झोपता येते का?” या वेळी ते खरंच झोपेबद्दल विचारत होते. मी नाही म्हणाले. मग ‘आता है’ कोण म्हणालं, तेही सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. रडू मात्र आलं नाही.

सरांनी रिकामा कप खाली ठेवला. उठताना म्हणाले, “उद्या सकाळी सहाले टँकवर या.”

मी गेले. का गेले, ते सांगता येत नाही. पाणी गार होतं एवढं कळलं. सरांनी माझ्या डोक्याखाली तळहात धरला.

“पाय खाली सोडू नका, ताई. खाली काहीच नाही समजा.”

मला तसं समजावं लागलं नाही.