हलकं शिसं

मधू गेल्याचं त्याच्या बायकोनं, सुलभावहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी पिठाच्या गिरणीत उभा होतो. "सकाळी चहा मागितला, आन् तेवढ्यात..." एवढंच त्या बोलल्या. मी "बरं, निघतो" म्हणालो आणि ज्वारी दळून होईपर्यंत तिथंच थांबलो. पीठ घरी ठेवून सोलापूरहून कुर्डुवाडीची गाडी पकडली. याला आता महिना होऊन गेला. अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, मास्तर खंबीर आहेत. खंबीर कसला, बधिर झालोय.

मधू कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर, मी त्याच गावातल्या एका शाळेत शिक्षक. दोस्ती जमली ती माशांच्या नादानं. रविवारी ओळखीच्या कोळ्याची होडी घेऊन आम्ही उजनी धरणाच्या फुगवट्यावर जायचो; मी पुढं सोलापूरला राहायला गेलो तरी हा रविवार सुटला नाही. मधू जुन्या स्टीलच्या चमच्याचा दांडा कापून त्याला गळ जोडायचा. तो चकचकीत चमचा दोरीनं होडीमागं ओढत न्यायचा. लहान मासा समजून चिलापी त्यावर झडप घालते. खरी गंमत चमचा किती खोल चालतो याची. चिलापी दोन पुरुष खोल असेल तर चमचाही तिथूनच गेला पाहिजे. दोरी किती सोडली, तिला बांधलेलं शिसं किती जड आणि होडी किती वेगात, यावर ते ठरतं. वल्ही जोरात मारली की चमचा वर येतो, हळू मारली की खाली बसतो. खाली बुडालेल्या बाभळी. त्यात अडकला की गेलाच. जाताना मी वल्हवायचो आणि दोरी मधूच्या हातात, येताना उलट. शिशाला मात्र तो मला हात लावू देत नसे. "तुमी पोरांना गणित शिकवा, हे माज्यावर सोडा की," म्हणायचा.

एका रविवारी माझ्या बायकोच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. मी कुणाजवळ बोललो नव्हतो. अर्ध्या तासानं मधूनं दोरी गुंडाळायला घेतली. "मास्तर, चमचा सारखा वर येतोय. वल्हं लई जोरात चाललंय. घरी काय झालंय?" मी सांगून टाकलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि एक वल्हं स्वतःकडे घेतलं. रिपोर्ट पुढं चांगला आला, पण पाण्यातल्या दोरीवरून मला ओळखणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

मग गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. परतताना मधू वल्हवत होता. चमचा सारखा तळाला लागत होता, दोनदा बाभळीत अडकला. मी दोरी आखूड करून पाहिली, वैतागलो, आणि शेवटी त्याला न विचारता शिसं काढून निम्म्या वजनाचं बांधलं. चमचा नीट चालू लागला. तीन चिलाप्या लागल्या. माझं मलाच कौतुक वाटलं. होडी इतकी हळू का चाललीय, हा प्रश्न मला पडलाच नाही. त्याचं हृदय कित्येक महिने थकत चाललं होतं, असं डॉक्टर आता सांगतात. ते त्या दिवशी दोरीतून माझ्या हाताला कळत होतं... आणि मी शिसं बदललं. याची मला लाज वाटते. बाकी काही वाटत नाही, पण लाज वाटते.

परवा हे सगळं वहिनींना सांगायचं ठरवून गेलो. त्यांनी मधूचा दोऱ्यांचा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. उघडला. एकूण एक दोरीचं जड शिसं काढून त्यानं निम्मं बांधून ठेवलं होतं.

"हे कधी केलं त्यानं?"

"गेल्या हिवाळ्यात तीन चिलाप्या आणल्या, त्याच राती जेवणाआधी बसून केलं. लई खूश व्हते. म्हनले, माज्या हातात जोर न्हाय हे मास्तरांनी वळखलं, आन् मला वाईट वाटाय नको म्हनून गुपचूप शिसं हलकं केलं. मी म्हटलं, दवाखान्यात चला. तर म्हनले, मास्तर काय बोलले न्हाईत, म्हंजे काळजीचं काय नसंल."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"तुमी वळखलं व्हतं न्हवं, भावजी?"

मी डबा माझ्याकडे ओढून घेतला.

"हो, वहिनी," म्हणालो.