तिसरी मोजणी

“हात वर करा बघू!” असं म्हणून सर खडूचं टोक हवेत धरायचे आणि मोजायला लागायचे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही आकडे जुळले की मग फळ्यावर लिहायचे. वर्गाची सहल कुठं न्यायची इथपासून ते शिक्षकांच्या खोलीतल्या चहात आलं घालायचं की नाही इथपर्यंत सगळा कारभार या हातांवर चाले. मी गणिताची बाई. एकदा वैतागून म्हटलं, “अहो सर, सात माणसांचे हात दोनदा काय मोजायचे?”

“बाई, पहिल्यांदा हात मोजायचे, दुसऱ्यांदा माणसं मोजायची,” ते म्हणाले. “मधल्या वेळात एखाद्याचं मन बदलतं.”

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

सुरतेत नवागामच्या बाजूला आमची मराठी शाळा. यंत्रमागावर खपणाऱ्या खानदेशी माणसांची पोरं, थोडी मराठवाड्यातली, थोडी आमच्यासारख्या नोकरदारांची. सर सातवीचे वर्गशिक्षक होते आणि इतिहास शिकवत. शिवाय घरी बसून एम.ए. करत होते, बाहेरून. त्यात अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर होता आणि त्या पेपरात एक प्रश्न दरवर्षी दबा धरून बसलेला असायचा: अमेरिकेचा सातवा अध्यक्ष खरा लोकशाहीवादी होता काय? चर्चा करा. सर तीन वेळा जळगावला जाऊन परीक्षेला बसले आणि तीनही वेळा याच पेपरात गचकले. चर्चा करता करता वेळ संपायचा, निष्कर्ष राहून जायचा.

सातवीचा वर्ग आणि हा सातवा अध्यक्ष, त्यामुळं सगळी शाळा त्यांना ‘सातवे सर’ म्हणायला लागली. नव्या कारकुनानं ते आडनावच समजून हजेरीच्या मस्टरवर ‘श्री. सातवे’ लिहून टाकलं. सरांनी त्याच्यापुढं खुशाल सही केली! खरं आडनाव मी इथं सांगत नाही. ते फारसं कुणाला माहीतही नव्हतं.

मधल्या सुट्टीत डबा उघडला की त्यांचा सातवा आमच्या मधोमध येऊन बसे.

“बघा बाई, एका बाजूनं होय. गरिबाचा पोर, अनाथ. आधीचे सगळे बड्या घरचे. हा पहिला साध्या माणसांच्या मतांवर आला. शपथ घेतली त्या दिवशी अध्यक्षांच्या बंगल्यात चिखलाचे बूट घालून गर्दी शिरली, खुर्च्यांवर उभी राहिली. कुणाला अडवलं नाही.”

“बरं मग? लिहा की होय.”

“पण दुसऱ्या बाजूनं...” आणि इथं त्यांचा घास हातातच राहायचा. “याच्या शेतावर गुलाम होते. आणि तिथले मूळचे आदिवासी, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, त्यांना यानं घरातून काढून नदीपलीकडं हाकललं. वाटेत किती मेले. कायदा करून हाकललं, बाई. सभागृहात मतं मोजून. काठावर पास झालेला कायदा. कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला तो यानं जुमानला नाही, आणि लोकांनी याला दुसऱ्यांदा निवडून दिलं. आता सांगा, तुम्ही गणिताच्या. उत्तर किती?”

“भाजी गार होतेय, हे उत्तर!” मी म्हणायची.

पण माणूस नुसता पुस्तकी नव्हता हं. एका वर्षी सहलीचं मत घेतलं. एकेचाळीस हात डुमसच्या समुद्रासाठी वर गेले, आणि रेखा नावाची एक मुलगी एकटी बारडोलीला म्हणाली. पोरं खिदळली. बारडोलीत आहे काय, उसाची शेतं आणि साखर कारखाना. सरांनी दोनदा मोजलं, फळ्यावर एकेचाळीस आणि एक असं लिहिलं, आणि सहल डुमसला गेली. पुढच्या रविवारी हा माणूस रेखाला आणि तिच्या आजीला एस.टी.त बसवून बारडोलीला घेऊन गेला. रेखाची आई तिकडं उसतोडीला होती, चार महिने पोरीला दिसली नव्हती. “बहुमत म्हणजे समुद्र,” सर मला म्हणाले, “पण म्हणून काय त्या एकीला पुसून टाकायचं?”

रेखा आणि तिची आजी आमच्या सोसायटीच्या मागं राहायच्या. खाडीच्या कडेला तीसेक झोपड्या होत्या, पत्रा आणि साडीच्या फाटक्या पार्सलांच्या गोणपाटांच्या. सोसायटीत चोवीस घरं, बहुतेक आम्ही मराठी, शाळा-बँका-कचेऱ्यांतले. सरही तिथंच, तळमजल्यावर एका खोलीत, एकटे. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी रेखाची आजी भिंतीवरून फडक्यात बांधलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यांच्याकडं द्यायची. सोसायटीचं अध्यक्षपद कुणालाच नको होतं. सर म्हणाले, निवडणूक घ्या. घेतली, आणि तेच निवडून आले. “आता झालात बघा अध्यक्ष,” मी चिडवलं. लाजले बिचारे.

प्लेगच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट, सहल झाली तेच साल. तुम्ही तेव्हा सुरतेत असाल तर आठवत असेल, घाण दिसली की माणसं तोंडाला रुमाल बांधायची. खाडीचा वास, डास, आणि माझी मनू पाच वर्षांची, तापानं फणफणलेली. महानगरपालिकेचा एक साहेब सोसायटीत येऊन गेला. “तमे ठराव आपो, बाकीनुं अमे जोई लइशुं,” म्हणाला, बाकीचं आम्ही बघून घेऊ. बहुमताचा ठराव, खाली अध्यक्षांची सही, की झोपड्या हलल्या. कुठं हलणार हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरली. दर घराला एक मत. सर धरून वीस जण. माझे यजमान ड्युटीवर, म्हणून आमच्या घराचा हात माझा. सर बोलले, अर्धा तास बोलले. झोपड्यांतली अकरा पोरं आमच्या सातवीत आहेत, वर्ष तरी पुरं होऊ द्या म्हणाले. शेवटी म्हणाले, “ज्यांची घरं जायची त्यांचा एकही हात या गच्चीवर नाही.” बँकेत नोकरीला असलेले सोसायटीचे चिटणीस म्हणाले, “सर, भाषण छान झालं. आता तुमच्याच पद्धतीनं होऊन जाऊ द्या.”

सरांनी खिशातून खडू काढला. “अध्यक्षाला मत नाही,” म्हणाले. “समसमान झालं तरच आहे. ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.”

मी हात वर केला.

होय, मी केला. लपवून काय करू? मनूचं गरम कपाळ माझ्या डोळ्यांपुढं होतं, आणि ठराव काय माझ्या एकटीच्या हातानं होणार आहे, असंही वाटलं. सरांनी डावीकडून मोजलं. दहा. मग उजवीकडून मोजलं. दहा. माझ्यापाशी खडू थोडा थांबला. आणि मग, मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. ते तिसऱ्यांदा मोजायला लागले. अगदी सावकाश, एकेका माणसाच्या तोंडाकडं बघत. चिटणीस म्हणाले, “अहो, किती वेळा?” कुणीतरी हसलं. माझा दंड अवघडला होता. मी डाव्या हाताचा टेकू दिला, पण हात खाली घेतला नाही.

दहा. विरोधात नऊ. मी गणिताची बाई आहे. मी नुसती हात मांडीवर ठेवून बसले असते तरी नऊ-नऊ झालं असतं आणि सरांना मत मिळालं असतं. हे मला जिना उतरताना कळलं.

ठरावाचा कागद घेऊन सर त्या दुपारी आमच्या दारात आले. आत आले नाहीत.

“बाई, सही नाही केली तर लोकांचा निर्णय मी जुमानला नाही, म्हणजे कोर्ट न जुमानणाऱ्या त्या सातव्यासारखाच झालो. केली तर घरं काढणारा, तरी त्याच्यासारखाच. काय करू?”

“फाडून टाका, सर,” मी म्हटलं. आता म्हणायला माझं काय जात होतं!

“मग पुढच्या वेळी कुणाला हात वर करा म्हणू?” इतकं बोलून ते खाली गेले. त्यांनी सही केली.

आणि कुणी सांगायच्या आधी स्वतः झोपड्यांत जाऊन सांगितलं. मी भिंतीपाशी उभी राहून ऐकत होते. बायका ओरडल्या, एकानं सरांची कॉलर धरली. रेखाच्या आजीनं त्याला बाजूला केलं आणि विचारलं, “आमना हात मोजात का, सर?”

आमचे हात मोजले का. सर तसेच परत फिरले. त्या संध्याकाळीही म्हातारीनं भिंतीवरून भाकरी दिली. त्यांनी ती हातात धरली आणि तिथंच मटकन खाली बसले. मी खिडकी लावून घेतली.

झोपड्या पाडायचं मशीन आलं ते शाळेच्या वेळात. अकरा पोरं सातवीच्या वर्गात नकाशा भरत होती. संध्याकाळी घरी गेली तर घरंच नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात एकतीस जण.

सर हजेरी घेत राहिले. अकराही नावं रोज घ्यायचे. “रेखा,” म्हणायचे आणि थांबायचे. शेजारच्या वर्गात मला ती शांतता ऐकू यायची, अकरा वेळा. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापक म्हणाले, नियमाप्रमाणं नावं कमी करा. सर वर्गात गेले. त्यांना दुसरं येत काय होतं? “नावं राहावीत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.” खिडकीतून मी पाहिलं, सगळ्या पोरांनी दोन्ही हात वर केले होते.

“असं नाही रे, एकाचा एकच हात,” सर म्हणाले.

“सर, हा दुसरा रेखाचा आहे,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

सरांनी खडू टेबलावर ठेवला. त्या दिवशी त्यांनी मोजलं नाही. मुख्याध्यापकांनी नावं स्वतःच लाल शाईनं खोडली.

मग रविवारी सायकलला हजेरीपत्रक बांधून सर निघायला लागले. पर्वत पाटियाला बांधकामांवर, कापडाच्या गोदामांच्या मागं, बारडोलीच्या वाटेवर उसतोडीच्या टोळ्यांत. “आमच्या सातवीतली मुलं पाहिली का?” असं विचारत. दिवाळीपर्यंत चार सापडली. दोन यंत्रमागावर लागली होती, दोन उसात. एकही परत आलं नाही. रेखा सापडलीच नाही. दाढी वाढली, बोलणं तुटलं. जेवत काय होते कोण जाणे, भाकरी तर बंदच झाली होती. मी डबा नेला तर दाराशी ठेवून घ्यायचे आणि सकाळी तो तसाच भरलेला माझ्या दाराशी असायचा.

त्या वर्षी ते जळगावला परीक्षेला गेले. परत आल्यावर मी विचारलं, “आला का तुमचा सातवा?”

“आला. या वेळी निष्कर्ष लिहिला,” म्हणाले. “एकच ओळ. याचं उत्तर मत देणाऱ्यांनी देऊ नये, ज्यांना हाकललं त्यांना जाऊन विचारावं. बाकी पान कोरं.” अर्थात नापास झाले.

मला राहवलं नाही. “सर, त्या दिवशी माझा हात...”

“माहीत आहे, बाई. तीनदा मोजला.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “तुम्ही खाली घ्याल असं वाटलं होतं. तिसऱ्यांदा तुमच्यासाठीच मोजलं.”

मी तिथंच रडले. ते उभे राहिले, कडेला बघत. मग म्हणाले, “मनू बरी आहे ना?” मनूला त्या पावसाळ्यात पुन्हा मलेरिया झाला होता. मोकळ्या जागेत सोसायटीनंच कचरा टाकायला सुरुवात केली होती आणि डास होते तितकेच होते. मी म्हटलं, बरी आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत सरांनी खोलीला कुलूप लावलं आणि सायकल काढली, ते जूनमध्ये शाळा उघडली तरी आले नाहीत. राजीनामा पोस्टानं आला. शिपायानं त्यांना बारडोलीच्या रस्त्यावर पाहिलं होतं, उसाच्या गाडीमागं पायी चालताना. सायकल नव्हती. नंतर कुणीच पाहिलं नाही. मी दोनदा शोधायला गेले. सापडले असते तरी काय म्हणणार होते, देव जाणे.

पुढं मी त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले. सभेत काही ठरवायचं आलं की मीच म्हणायची, हात वर करा. डावीकडून मोजायची, उजवीकडून मोजायची. आणि कुणाचं तरी काही जाणार असेल त्या दिवशी, कुणाचा वर्ग, कुणाची जागा, तेव्हा मी तिसऱ्यांदा मोजायची. सावकाश, एकेकाच्या तोंडाकडं बघत, लोक हसेपर्यंत.

निवृत्त होईपर्यंत मोजलं. एकानंही हात खाली घेतला नाही.