देवमाशाची उचकी कोणाची

जेवण झालं आहे. बोटांना अजून माशाच्या कढीचा वास आहे. कवळी काढून मी पाण्याच्या ग्लासात टाकतो, ग्लास खिडकीत ठेवतो आणि पंख्याखाली आडवा होतो. झोपायचा विचार नाही. रागावलेल्या माणसानं दुपारी झोपू नये, स्वप्न नासतं, असं माझं आपलं मत आहे. आणि मी कालपासून रागावलेला आहे.

काल जावयांनी आम्हा नवराबायकोला गाडीत घालून दिवसभर किनाऱ्यानं फिरवलं. टेकडीवर नवी वाइनरी झाली आहे. तिथं जांभळाची, करवंदाची, काजूच्या बोंडांची वाइन करतात. घोटभर जांभूळ घ्यायचं, समुद्राकडे बघत बसायचं, मग घोटभर करवंद. दिवस कसा अगदी मांजरासारखा अंग ताणून पडला होता. तेवढ्यात तिथली माहिती सांगणारी मुलगी फणसाच्या झाडाखाली उभी राहिली आणि पाहुण्यांना गोष्ट सांगू लागली.

जांभळाच्या रसाची पिंपं भरलेली होडी निवतीच्या खडकापाशी उलटते. देवमासा तो सगळा रस पितो. त्याला उचकी लागते. त्या एका उचकीनं होडी अशी उडते की थेट टेकडीवरच्या फणसाच्या झाडात जाऊन बसते.

"आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं कैलासवासी जगन्नाथ कुबल यांनी," ती म्हणाली. बाटलीवर त्याचा फोटोसुद्धा होता. फेटा बांधलेला. जन्मात कधी फेटा बांधला नाही त्यानं.

जगो कुबल म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, जानकीचा थोरला भाऊ. जाऊन चारेक वर्षं झाली. आणि गोष्ट माझी! देवमासा माझा, उचकी माझी, निवतीचा खडकसुद्धा मी निवडलेला. जगोनं काय केलं, तर आंब्याच्या जागी फणस घातला. एवढ्यावर गोष्ट त्याची? मी तोंड उघडलं, तर जानकीनं माझा हात दाबला. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "माझ्या दादाची गोष्ट." अख्ख्या आयुष्यात मी इतका वेळ कधी गप्प बसलो नव्हतो. एकदा भेटू दे तो, एवढंच मनात म्हटलं.

पंखा घरघरतो. घरघर जवळ येते, थांबते, पुन्हा सुरू होते.

"काच वर करा, भावोजी. वारो लागतलो."

गाडी जगो चालवतो आहे. हयात असताना सायकलला घाबरायचा.

"मेल्या, तुका गाडी कधी येवक लागली?"

"हल्लीच. थयसर, वरती, दुसरा काम काय आसा?"

डावीकडे समुद्र आहे. उजवीकडेही समुद्रच आहे, त्यात काजूची झाडं गुडघाभर पाण्यात उभी आहेत. जगो हसतो. तोंडभर दात. गेला तेव्हा त्याच्या तोंडात एकच दात उरला होता, तोही हलता. हे दात मी कुठंतरी पाहिले आहेत, पण कुठं ते आठवत नाही. माझ्या तोंडात तर नुसत्या हिरड्या.

"जगो, माझी गोष्ट परत दी."

"खयची?"

"देवमाशाची."

"ती? ती आता बाटलेर छापली. कागद चिकटवलो की गोष्ट चिकाटली."

गाडी थांबलेली नाही, तरी आम्ही उतरून टेबलाशी बसलो आहोत. टेबल जेटीच्या टोकाला आहे, खाली लाटा. वाइन ओतायला जानकी आली आहे, आमच्या लग्नातली, मुंडावळ्यांसकट. ती माझ्या ग्लासावरून बाटली पुढं नेते.

"दादाक आधी," म्हणते.

जगो ग्लास उचलतो आणि माझ्याकडे बघत सावकाश पितो.

"भावोजी, रागवा नको. जित्या माणसाचो फोटो बाटलेर शोभना नाय. तुमी मरा, मगे बघूया."

याला सोडायचं नाही. मेला म्हणून काय झालं?

"चल, तळघर बघूया," मी म्हणतो.

पायऱ्या ओल्या आहेत. खाली पिंपं मांडलेली आहेत. भिंती पुढं येतात, मागं जातात. हात लावतो तर भिंत ऊबदार लागते. वर बघतो तर छताच्या जागी बरगड्या. हे तळघर कुठलं? हा माझा देवमासा आहे! स्वतःच्या गोष्टीत आल्यावर माणसाला जरा बळ येतं. मी इकडं तिकडं बघतो. मध्ये एक कोरं पिंप, बूच न काढलेलं. त्यावर नारळ.

आमच्याकडे नवं काही उघडायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात. एकानं नारळ हातात घेऊन देवापुढं मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावात गाऱ्हाणं नेहमी माझं असे आणि "व्हय" जगोचा. त्याचा आवाज असा की समोरच्या बेटावरचे कुत्रे भुंकायला लागत. कोणी झोपेत गाऱ्हाणं घातलं, तरी जगो झोपेतच "व्हय" म्हणे.

मी नारळ उचलतो.

"बा देवा म्हाराजा! हय हजर आसलेल्या समस्त मंडळींका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जगो ओरडतो. बरगड्या घुमतात.

"ह्या पिंपात जा काय आसा, ता गोड होव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची ईडापीडा आसात ती सात समिंदरापलीकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्याचे डोळे मिटले आहेत. रंगात आला आहे.

"देवमाशाची गोष्ट ह्या भावोजींनी रचली, जगो कुबलान ती चोरली, आणि आज तुझ्यासमोर ती परत केली, असा मान्य कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—"

त्याचे डोळे उघडतात. तो दोन्ही हातांनी तोंड दाबतो, पण "राजा" बोटांच्या फटींतून बाहेर पडतोच.

मी नारळ फोडतो. असा नारळ मी उभ्या जन्मात फोडलेला नाही. पाणी जगोच्या तोंडावर उडतं.

"फसवलात, भावोजी!"

"देवासमोर म्हणालंस. आता फिरवता येवचा नाय."

जगो तोंडावरचं पाणी पुसतो. मग पिंपाचं बूच काढतो, ग्लास भरतो, जांभळाची वाइन चूळ भरावी तशी तोंडात घोळवतो आणि गिळतो. ओठ, जीभ, दात, सगळं जांभळं होतं.

"बरा तर," तो म्हणतो. तोंडात हात घालतो आणि सगळे दात एकदम बाहेर काढतो. मागं एकच उरतो, तो जुना, हलता. "घेवा तुमचे दात. मगापासून 'व्हय' म्हणून म्हणून त्येंका सवय लागली हा."

आता ओळखतो मी. माझी कवळी!

मी झडप घालतो, तेवढ्यात देवमाशाला उचकी लागते.

पंखा. छत. मी चटईवरून खाली फरशीवर आलो आहे.

खिडकीशी जानकी उभी आहे, म्हातारी, माझी नेहमीची. तिच्या हातात माझा ग्लास आहे. पाणी जांभळं झालं आहे. आत कवळी, दातांच्या फटींपर्यंत जांभळी. हे दिवस जांभळाचे नाहीत. कालच्या बाटल्या जावई सकाळीच कोल्हापूरला घेऊन गेले. घरात जांभळाचा थेंब नाही.

ती ग्लास उजेडात धरून बघत राहते.

"दादा इल्लो?" हळूच विचारते.

मी मान हलवतो.

"काय म्हणालो तो?"

हीच ती वेळ. मेलेल्या माणसाकडून, देवाच्या साक्षीनं, मी माझी गोष्ट परत मिळवली आहे. आता एवढंच सांगायचं. मी कवळी बसवतो. तोंडभर तुरट चव पसरते. घसा खाकरतो.

"सांगा ना, अवो. ती गोष्ट त्येचीच, ना?"

मी तोंड उघडतो.

"व्हय म्हाराजा!" दात म्हणतात. इतक्या मोठ्यानं की शेजारचा कुत्रा भुंकायला लागतो.

जानकी हसते. रडतेही. पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जाते आणि आतून, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, तिचं गुणगुणणं ऐकू येतं.

मीठ झालं, लिंबू झालं, चुलीतला कोळसा झाला. रंग जात नाही. बाकी सगळं दात सरळ बोलतात. देवमाशाचं नाव काढलं की मात्र त्यांचं सुरू होतं. म्हणून हे लिहून काढतो आहे. पेनाला दात नसतात. वाचणाऱ्यांनो, उचकी माझी आहे. फणस घे म्हणावं त्याला.

उद्या दुपारी कवळी तोंडात ठेवूनच झोपणार आहे. बघतो, जगो तोंडात काय घालून येतो.