चादरीची दोन टोकं

थेरपीच्या खोलीत आधीच्या मुलानं पाणी सांडलं होतं, म्हणून मॅडमनी सतरंजीवर घालायला धुतलेली चादर काढून झटकली. तो आवाज ऐकताच कोपऱ्यात बसलेला माझा साडेतीन वर्षांचा मल्हार उठला आणि चादरीची दोन टोकं धरून उभा राहिला.

थोड्याच वेळापूर्वी मल्हार हाकेला वळत नव्हता, चित्रांच्या कार्डांकडे बघतही नव्हता, तेव्हा मॅडम मला म्हणाल्या होत्या, “आई, ही चित्रं राहू देत. दुसऱ्यांना चाललं ते याला चालेलच असं नाही. हा आपणहून कशाकडे येतो, ते सांगा.”

“ते त्याच्या बाबांना माहीत होतं,” एवढंच मी बोलू शकले होते.

ते होते तोवर, कपडे वाळले की बापलेक मिळून चादरींची घडी घालायचे. मी आतल्या खोलीत वाचत असायचे. मल्हारचं हसणं तेवढं कानावर यायचं.

“अरे वा, साहेब कामाला लागले!” मॅडम म्हणाल्या. “आई, आपण इथूनच सुरुवात करू. ही टोकं तुम्ही धरा.”

मी टोकं धरली. या मुलापाशी पोचायच्या अशा आणखी किती वाटा त्याचे बाबा बरोबर घेऊन गेले असतील? आणि ज्या मला सापडतील, त्या माझ्यामागे कोणाला ठाऊक असतील?

मल्हार चादर धरून हळूहळू जवळ आला. टोकाला टोक लागलं. त्यानं सवयीनं वर पाहिलं, माझ्या डोक्याच्याही वर, बाबांचा चेहरा असायचा तिथे.

मी टाचा उंचावल्या.