चौदा भाग आणि चौकशीकाका

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाराजवळ ‘चौकशी’ अशी पाटी असलेलं एक टेबल होतं आणि त्यामागे सत्तावीस वर्षं एकच माणूस बसायचा. पोरं त्यांना चौकशीकाका म्हणायची. मी शेजारच्या टेबलावर पुस्तकांची देवघेव बघते, त्यामुळे काकांचा चांगुलपणा आणि त्याचा मनस्ताप, दोन्ही मला जवळून माहीत आहेत.

तीन वर्षांपूर्वी ग्रंथपाल साहेबांनी ऑनलाइन धडे काढले. ग्रंथालय कसं वापरावं, भाग एक ते चौदा. चौदाही पाहिल्याशिवाय विद्यार्थ्याचं खातं उघडत नाही. पहिल्या भागात साहेब कोट घालून आठ मिनिटं स्वागत करतात. ते पुढे ढकलता येत नाही, मी प्रयत्न केलाय. पोरांना हवा असतो तो लेख कसा शोधायचा, हे येतं अकराव्या भागात. आणि ‘पुढे’ हे बटण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, ‘मी आपली काय मदत करू?’ असं विचारणाऱ्या चौकटीच्या बरोब्बर मागे लपलेलं.

मग काय, पोरं उघडा लॅपटॉप हातात धरून काकांकडे! काका चष्मा चढवायचे, ती चौकट बाजूला ओढायचे आणि एकेकाला चौदाव्या भागापर्यंत नेऊन पोचवायचे. सहाव्या भागात मध्येच उठलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं, हेही त्यांना पाठ. “घरात यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही,” काकू एकदा मला म्हणाल्या, “आणि तिकडे म्हणे लोकांना लेख शोधून देतात.”

यंदा आकडे आले. अठ्ठ्याण्णव टक्के विद्यार्थ्यांनी धडे पूर्ण केले होते! साहेबांना आकाश ठेंगणं झालं. धडे इतके उत्तम, तर चौकशीचं टेबल हवंच कशाला? काकांना तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावायला पाठवायचं ठरलं. माणसाने मदत करून आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तो असा.

मी जाऊन भांडले. बरीच खडाजंगी झाल्यावर साहेबांनी चाचणी मान्य केली. पाच नवे विद्यार्थी. प्रत्येकाने चाचणीपुरता थेट अकरावा भाग उघडून, त्यात दाखवल्याप्रमाणे, कुणाच्याही मदतीशिवाय एक लेख शोधायचा. तिघांना जमलं तर टेबल बंद.

“त्या दिवशी मूग गिळून बसायचं,” मी काकांना बजावलं.

“अहो, चाचणीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून तिथे असणार. चकार शब्द काढणार नाही.”

पहिल्या दोघांना जमलं, कारण एकाच्या ताईने आणि दुसऱ्याच्या दादाने घरी सगळं सांगून ठेवलं होतं. पुढच्या दोघांनी हात टेकले. मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. राहिली एक मुलगी.

ती वीस मिनिटं इथे दाब, तिथे दाब करत होती. साहेब घड्याळ बघत होते, काका छताकडे. शेवटी ती हळूच म्हणाली, “सॉरी सर. सगळ्यांना येत असेल. मलाच काही जमत नाही.” आणि डोळे पुसायला लागली.

मी काकांकडे पाहिलं आणि समजले, संपलं.

“बाळा, तुझं काही चुकत नाहीये,” काका म्हणाले. “ती मदतीची चौकट बाजूला ओढ. बटण तिच्या मागे आहे.”

दोन मिनिटांत लेख सापडला. साहेबांनी चाचणीच्या फॉर्मवर ‘यशस्वी’ लिहिलं. मी तावातावाने म्हटलं, “अहो, यांनी सांगितलं की!” साहेबांनी फॉर्म वरून खाली वाचला. मध्ये कुणी काही सांगितलं तर ते नोंदवायला त्यात रकानाच नव्हता.

बाहेर आल्यावर मी काकांना नको नको ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “पोरगी स्वतःला ढ समजून घरी गेली असती हो.”

आता टेबल गेलं. त्या जागी भिंतीवर पाटी आहे, ‘मदतीसाठी भाग पंधरावा पाहावा.’ पाटीखाली पेन्सिलने काढलेला एक बाण आहे, तळघराच्या जिन्याकडे. साहेब तो पुसायला लावतात. मी सकाळी आल्यावर पुस्तकांना हात लावायच्या आधी तो पुन्हा काढते.