परत आलेली व्हीलचेअर

आमच्या वसाहतीतलं मंडळ आजारी माणसांच्या घरी व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी असं काहीबाही फुकट वापरायला देतं. वस्तू परत आली की मी कारण विचारत नाही. आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते दिसतंच.

काल देवरेकाका व्हीलचेअर घेऊन आले. काकूंना अर्धांगवायू झाल्यापासून ती त्यांच्याकडे होती. काकांनी ती धुऊनपुसून लख्ख केली होती. फक्त हात ठेवायच्या दांडीला एक लाल टिकली चिकटून राहिली होती. मी ती नखाने काढायला गेले.

"थांबा," काका म्हणाले. "अंघोळीआधी तिच्या कपाळावरची काढून मीच तिथे लावून ठेवायचो. तिला हात उचलता येत नव्हता ना."

मी हात मागे घेतला. मग त्यांनीच विचारलं, "कुणी वाट बघतंय का खुर्चीची?"

"हो. मागच्या गल्लीतल्या एक आजी आहेत."

त्यांनी टिकली अलगद सोडवली. ती कुठे ठेवावी, त्यांना सुचेना. माणसाला उठवायला, बसवायला, फिरवायला लागणारं सगळं मंडळाच्या या खोलीत आहे. मागे उरलेल्या माणसाला द्यायला मात्र काहीच नाही.

शेवटी मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर ती लावून काका घरी गेले.